पहिला काटा

"हळू, बाय. जोर लावलास तर दोन्ही संत फाटतील," मोनूमास्तर म्हणाले.

मी श्वास रोखून बांबूची पातळ काडी दोन पानांच्या मध्ये सरकवली. स्टोव्हवर किटली खदखदत होती आणि तिच्या तोंडातून येणारी वाफ मास्तर एका पुठ्ठ्यानं पुस्तकाकडे वळवत होते. देवळाच्या वेदीमागच्या त्या लहानशा खोलीत आम्ही दोघं घामानं निथळत होतो. बाहेर मार्चमधली दुपार होती आणि तिवराळीत चिटपाखरू जागं नव्हतं.

तिवराळी म्हणजे वसईकडची आमची वाडी. चाळीसेक घरं, सगळी ख्रिस्ती, आणि मधोमध आमचं देऊळ, म्हणजे चर्च. मी तेव्हा बारा वर्षांची होते. पुढं मी चाळीस वर्षं नर्सची नोकरी केली, रक्ताचं मला आता काही वाटत नाही. पण त्या दुपारी ती काडी सरकवताना मी घाबरले होते, कारण ते पुस्तक साधंसुधं नव्हतं.

कुणा एका परदेशी पाद्रीनं फार वर्षांपूर्वी ते आणून ठेवलं होतं. पाट्याएवढं मोठं, चामड्याच्या बांधणीचं, आणि आत संतांच्या मरणाची चित्रं. रंग नव्हता, नुसत्या काळ्या रेघा. तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्यारानं कोरून छापलेल्या, असं मास्तर सांगत. लांबून बघितलं की माणसाचं अंग दिसे, घाम दिसे, फुगलेल्या शिरा दिसत. नाक लावून बघितलं की केसाएवढ्या बारीक रेघांचं नुसतं जाळं. लोखंडी जाळीवर भाजला जाणारा लॉरेन्स, बाणांनी भोसकलेला सेबास्टियन, जिचे दात पकडीनं उपटतायत ती आपोलोनिया. असली चित्रं आजच्या पोरांना कुणी दाखवणार नाही. आम्हाला मात्र ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मास्तर एक चित्र दाखवत, आणि आम्ही सगळे डोळे फाडून बघत असू.

आणि चित्र बघून झालं की आमच्याकडे एक रीत होती. ती धर्माच्या कुठल्याही पुस्तकात नाही, आणि आमचे फादर तिच्याकडे सोयीस्कर काणाडोळा करत. ईस्टरच्या आदल्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या शिंदीच्या झावळीचे काटे मास्तर वर्षभर डबीत जपून ठेवत. प्रत्येक मुलानं एक काटा घ्यायचा आणि संताला मारणाऱ्या माणसाच्या तोंडावर टोचायचा. आमच्या आया टोचून गेल्या होत्या, आज्या टोचून गेल्या होत्या. त्यामुळं पुस्तकातल्या एकाही मारेकऱ्याला तोंड उरलं नव्हतं. पान उजेडासमोर धरलं की त्याच्या मानेवर नुसती चाळण दिसायची आणि चाळणीतून पलीकडची खिडकी.

"सुटतंय," मी म्हणाले.

शेवटची दोन पानं ओल लागून कधीकाळी एकमेकांना चिकटली होती. त्यांच्या आत काय आहे हे तिवराळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. यंदा ती सोडवायचीच असं मास्तरांनी मनावर घेतलं होतं, आणि माझे हात लहान म्हणून मला बोलावलं होतं. मी केवढी मिरवत होते!

पान सुटलं. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि लहान मुलासारखी टाळी वाजवली.

"संत बार्थोलोम्यू! जिवंतपणी कातडी सोलली ह्याची. आणि बघ, बघ दुल्सीन, कोरं करकरीत! एकाही काट्याचा डाग नाही."

मी बघितलं. झाडाला हात वर करून बांधलेला म्हातारा संत. त्याच्यासमोर बाह्या कोपराच्या वर दुमडलेला एक माणूस. दोन्ही हातांनी तो संताच्या दंडावरची कातडी ओढत होता. हात गुंतलेले म्हणून सुरी त्यानं दातांत आडवी धरली होती. रुंद कपाळ, मागं हटलेले केस, खाली वळलेल्या मिशा, नाकाच्या मधोमध उंचवटा.

ते माझे बाबा होते.

"परवा शुक्रवारी हेच दाखवू," मास्तर म्हणत होते. त्यांना जवळचं धड दिसत नसे, आणि ते संताकडेच बघत होते. "पान तू उघडलंस, तेव्हा पहिला काटा तुझा."

माझे बाबा, बावतीस, आमच्या वाडीतले खाटीक. लग्न, नाताळ, ईस्टर, बारसं, कुणाकडेही डुक्कर कापायचं असलं की बाबांना बोलावणं. एरवी आमच्या घराच्या मागं शेड होती तिथं. मी त्यांना कापताना कधीही बघितलेलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एवढंच दिसायचं की बाबा दोन्ही हातांत गरम पाण्याचं पातेलं धरून मागच्या बाजूला चाललेत, बाह्या वर, सुरी दातांत. पुढचं किंचाळणं ऐकू येऊ नये म्हणून मी गोधडीत शिरून कानांत बोटं घालत असे. वर्गात मला 'सुरी' म्हणत. ते नाव पेद्रूकाकांच्या मुलानं, रुफिननं ठेवलेलं.

पण त्या वर्षी आमच्या घरात काही वेगळंच चाललं होतं. गुड फ्रायडेला मेलेल्या प्रभूची मूर्ती एका लांब सागवानी फळीवर ठेवून सहा जण खांद्यावरून सबंध वाडीत फिरवतात. हा मान आजवर कधी खाटकाला मिळाला नव्हता. बाबांनी वीस वर्षं नाव दिलं आणि वीस वर्षं "पुढच्या वर्षी बघू" ऐकलं. रक्ताचे हात, असं तोंडावर कुणी म्हणत नसे, पण मनात तेच असायचं. यंदा गावकीचे प्रमुख पेद्रूकाका अखेर हो म्हणाले होते. आईनं बाबांचा पांढरा सदरा आणि पायजमा नीळ देऊन दोरीवर घातला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसेल अशा बेतानं दोरी अंगणाच्या पुढच्या बाजूला बांधली होती.

आता शुक्रवारी तीसेक पोरं ते चित्र बघणार. संध्याकाळपर्यंत ते घरोघरी जाणार. मग कुठली फळी आणि कुठला खांदा! आणि हे पान उघडलं होतं मी, माझ्या या दोन हातांनी.

गुरुवारी दुपारी आई झोपल्यावर मी बाबांची लहान सुरी फ्रॉकच्या आत लपवली आणि देवळात गेले. खोलीला कुलूप नसे. पेटी उघडून पुस्तक टेबलावर घेतलं आणि ते पान काढलं. शिवणीच्या अगदी लगत कापलं तर ओल खाल्लेलं पान आपोआप सुटून हरवलं असं मास्तरांना वाटेल, असं माझं गणित. सुरीचं टोक मी पानाच्या वरच्या कोपऱ्यात टेकवलं.

"ती माझी सुरी आहे."

दारात बाबा उभे होते. एका हातात खोबरेल तेलाची वाटी, दुसऱ्या हातात फडकं. देवळाच्या माळ्यावरची फळी काढून ते तिला तेल लावायला आले होते. कुणी सांगितलेलं नव्हतं, आपले आपणच.

"खाली ठेव."

मी ठेवली. बाबा जवळ आले, हात पायजम्याला पुसले, पण पुस्तकाला लावले नाहीत. नुसते वाकून बघत राहिले. खूप वेळ. ते ओळखणार नाहीत अशी मला वेडी आशा होती.

"हं," ते म्हणाले. "मीच की हा."

मला रडू फुटलं. "बाबा, उद्या सगळे बघणार. रुफिन बघणार, तो पेद्रूकाकांना सांगणार. मग तुम्हाला फळी देणार नाहीत. मी कापते ना हे पान. कुणाला कळणार नाही."

बाबांचं बोट पानाच्या वर, हवेतच, त्या माणसाच्या हातांवरून फिरत होतं.

"कामाचा माणूस आहे. दोन्ही हात गुंतले की सुरी ठेवायची कुठं? जमिनीवर ठेवली तर माती लागते. ज्यानं हे कोरलं त्यानं कुठंतरी उभं राहून नीट बघितलेलं आहे." मग त्यांचं बोट संताच्या तोंडाजवळ थांबलं. संत डोळे उघडे ठेवून त्या माणसाकडे बघत होता. "पण एक चुकलं ह्याचं."

"काय?"

"असू दे."

"मग कापू?"

"देवळाचं पुस्तक आहे, दुल्सीन. कापायचं नाही."

"मग तुमची फळी?"

बाबांनी सुरी उचलून कमरेला खोचली. "किती वाजता असतो तुमचा वर्ग?"

"चारला."

ते वळून बाहेर गेले. मी पुस्तक पेटीत ठेवून बाहेर आले तेव्हा ते गुडघ्यांवर बसून फळीला तेल चोळत होते, एकाच जागी, पुन्हापुन्हा.

शुक्रवारी चार वाजता देवळात आम्ही बाकांवर दाटीवाटीनं बसलो होतो. मास्तरांनी पुस्तक उंच स्टँडवर ठेवलं, पान मी उघडलं म्हणून पहिला काटा माझा असं जाहीर केलं आणि बार्थोलोम्यूची गोष्ट सांगितली. मी त्यातला एक शब्द ऐकला नाही. मी दाराकडे बघत होते. दारात कुणी नव्हतं.

"आता पुढं या. एकेक जण."

पहिल्या बाकावरची पोरं पुढं झाली. मग रुफिनचा आवाज आला, आनंदानं फुटलेला.

"अरे, हा तर बावतीस खाटीक!"

पोरं एकमेकांच्या अंगावर पडत पुढं घुसली. "बघू, बघू! मिशा बघ! सुरी बघ तोंडात!" हसण्याचा नुसता गदारोळ झाला. मास्तरांनी चष्मा नाकावर चढवला, पानाजवळ वाकले, आणि त्यांचा चेहरा पडला. बिचारे मोनूमास्तर! दोन दिवस तो चेहरा त्यांच्या समोर होता आणि त्यांनी संताखेरीज कुणाकडे बघितलंच नव्हतं.

"गप्प बसा. आज... आज टोचायचं राहू द्या," ते म्हणाले.

"असं कसं, मास्तर?" रुफिन म्हणाला. "पहिला काटा दुल्सीनचा. तुम्हीच सांगितलं होतं. पान तिनं उघडलं ना?"

"सुरी! सुरी!" मागून कुणीतरी सुरू केलं.

मला पुढं ढकलण्यात आलं. माझ्या हातात काटा कुणी दिला ते आठवत नाही. रुफिन माझ्या कानाशी होता.

"नाही टोचणार ती. बापाला कोण टोचतं?"

त्यानं मला असं पकडलं होतं की सुटायला जागा नव्हती. टोचलं तर बाबांच्या तोंडात काटा. नाही टोचलं तर हा माणूस माझे बाबाच, हे मी सगळ्यांसमोर कबूल केलं. माझा हात वर गेला आणि अर्ध्यावरच थांबला. चित्रातला माणूस सुरी दातांत धरून आपलं काम करत होता. मला त्याचा राग आला, बाबांचा राग आला, सगळ्या खाटकांचा आला.

हसणं एकदम थांबलं. मागून चपलांचा आवाज येत होता, सावकाश. मी वळले नाही.

"मास्तर," बाबांचा आवाज आला, "पोरीचा काटा व्हायचाय ना?"

मास्तर काहीतरी पुटपुटले. माझ्या मागं बाबा येऊन उभे राहिले. आणि मग त्यांचा डावा तळवा माझ्या डोळ्यांवर आला. मोठा, गरम, खरबरीत. तेलाचा वास येत होता. सगळं काळं झालं. ते वाकले आणि माझ्या कानात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "झालं हां, झालं. घाबरायचं नाही."

उजव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं आणि पुढं नेलं. कागदाला काटा लागल्याचं मला बोटांत कळलं. वाळलेला पापड मोडावा तसा हलकासा आवाज झाला, बस.

तळवा निघाला. बाबा पोरांकडे वळले होते.

"आता बाकीच्यांनी रांगेनं या. ढकलाढकली नको, पान जुनं आहे."

आणि ते तिथंच उभे राहिले, पुस्तकाच्या बाजूला, इस्त्रीचा सदरा घालून. एकेक पोर आलं, बाबांकडे चोरून बघितलं आणि त्यांच्या तोंडाला टोचून गेलं. कुणी हसलं नाही. रुफिननं दोनदा टोचलं. शेवटचा काटा झाला तेव्हा तिथं चेहरा उरला नव्हता.

त्या दिवसापासून मी बाबांशी बोलले नाही. त्यांनी माझे डोळे झाकले ते स्वतःच्या लाजेपायी, असं मी धरून चालले होते. आपला चेहरा टोचला जाताना पोरीनं बघू नये म्हणून. मला वाटायचं, लाज होती तर पान कापू द्यायचं होतं.

व्हायचं ते झालंच. झावळ्यांच्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर पेद्रूकाकांनी अंगणात बाबांना गाठलं. मी झावळी हातात घेऊन शेजारीच उभी होते.

"बावतीस, वाईट वाटून घेऊ नको. पण पोरं रस्त्यानं दातांत काड्या धरून फिरतायत. उद्या प्रभूच्या मागं कुणी फिस्सकन हसलं तर बरं दिसेल का, तूच सांग. यंदा राहू दे."

"बरं," बाबा म्हणाले.

"पुढच्या वर्षी बघू."

"बरं."

घरी येऊन आईनं पांढरा सदरा घडी घालून पुन्हा ट्रंकेत ठेवला. ट्रंकेचं झाकण तिनं जरा जास्तच जोरात आपटलं. गुड फ्रायडेला सहा जणांनी फळी उचलली आणि बाबा घरातल्याच सदऱ्यात मेणबत्ती धरून गर्दीच्या मागं चालले. तेल प्यायलेली फळी उन्हात अशी चमकत होती की लोक एकमेकांना विचारत होते, यंदा नवी केली का.

मी परत येताना पहिल्यांदा तोंड उघडलं. "कापू दिलं असतं तर आज तुम्ही पुढं असता."

"आणि तू चोर झाली असतीस, बाय," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या आदला शनिवार. उपवास संपणार, सगळ्या वाडीला डुकराचं मटण हवं. उजाडायच्या सुमाराला आमच्या कुंपणाशी पिशव्या घेऊन माणसं उभी होती, आणि सगळ्यांत पहिले कोण? पेद्रूकाका, आणि सोबत डोळे चोळणारा रुफिन. चांगला तुकडा आधी मिळावा म्हणून अंधार सरायच्या आत येऊन उभे!

मागच्या शेडमधून किंचाळणं सुरू झालं. मी सवयीनं गोधडी डोक्यावर ओढली आणि तशीच पडून राहिले. मग काय वाटलं कोण जाणे, गोधडी फेकली आणि अनवाणी मागच्या दारानं बाहेर गेले. मला बघायचंच होतं. तो चित्रातला माणूस खरोखर माझा बाप आहे का, ते एकदा या डोळ्यांनी बघून टाकायचं होतं.

दोघा गड्यांनी डुकराला आडवं धरलं होतं. ते जिवाच्या आकांतानं ओरडत होतं. बाबा आले. बाह्या कोपराच्या वर, सुरी दातांत आडवी. हुबेहूब. मी शेडचा खांब घट्ट धरला.

बाबा त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसले. सुरी दातांतच होती. त्यांनी डावा तळवा पसरला आणि त्याच्या डोळ्यांवर ठेवला. मग सुरी उजव्या हातात घेतली, त्याला दिसणार नाही अशी पाठीमागं धरली, आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"झालं हां, झालं," ते म्हणाले. "घाबरायचं नाही."

ओरडणं हळूहळू उतरत गेलं. श्वास ऐकू येऊ लागला. बाबांनी तळवा तसाच ठेवला, अजिबात घाई केली नाही. पुढचं सगळं मी बघितलं, मान न वळवता. ते फार पटकन झालं.

माझे गाल भिजले होते. बाबांनी मान वर केली तेव्हा त्यांना मी दिसले.

"काय गो? तू इथं?"

"त्या चित्रात," मी म्हणाले. "त्यानं डोळे झाकायला हवे होते. तेच चुकलं होतं ना?"

बाबांनी मनगटानं कपाळावरचा घाम पुसला.

"बघत बघत कुणी जाऊ नये," ते म्हणाले. "जा, चुलीवरचं गरम पाणी घेऊन ये. आणि कोनाड्यातली लहान सुरी."

मी धावले. पातेलं जड होतं, कडेला दोन फडकी लावून मी ते दोन्ही हातांनी उचललं. सुरी कोनाड्यात होती. मी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग पातेलं पुन्हा चुलीवर टेकवलं, सुरी घेतली, दातांत आडवी धरली आणि पातेलं उचलून बाहेर पडले.

मागच्या दारानं जवळ पडलं असतं. मी पुढच्या दारानं गेले, अंगणातून, कुंपणाच्या कडेकडेनं. पाणी हिंदकळत होतं म्हणून अगदी सावकाश चालावं लागत होतं. पेद्रूकाका पिशवी धरून उभे होते. ते आधी माझ्याकडे, मग आपल्या पायांकडे बघू लागले. रुफिनचं तोंड उघडं राहिलं होतं. सुरीची चव लोखंडाची होती, थोडीशी खारट. मी दोघांकडे सरळ बघत बाबांकडे पाणी घेऊन गेले.